हे झाड मेलंय का, बाई?

फेब्रुवारी लागला की वेताळ टेकडीवर मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक नव्यानं फिरायला येऊ लागलेले असतात. कधीकधी त्यात माझ्या भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा एखादा निघतो. आता त्याच्यासोबत त्याची मुलगी असते आणि समोर मोईचं झाड. पान एकही नाही, फांद्या जाड आणि बोथट, खोड राखाडी. "मेलं नाही रे," मी म्हणते, "फांदीचं टोक बघ." टोकाशी बारीक, पिवळसर-जांभळट फुलांचे तुरे लोंबत असतात आणि त्यांवर माश्यांची ये-जा चाललेली असते.

वसंत म्हटलं की आपल्याला हिरवंगार काहीतरी आठवतं. त्यात पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांचा हात मोठा आहे, आणि ती पुस्तकं मी वर्षानुवर्षं शिकवली आहेत. दख्खनच्या पठारावर मात्र वसंत हिरवा नसतो. फेब्रुवारीत आमची टेकडी पार पिवळी पडलेली असते, कुसळं मोज्यांतून टोचतात आणि मधूनच वणव्यानं काळा केलेला पट्टा दिसतो. (वणवा लागतो असं म्हणायची पद्धत आहे, बहुतेकदा तो लावलेला असतो, असं माझं मत.) वसंताच्या पहिल्या खुणा शोधायच्या त्या याच रखरखाटात, आणि त्यातली पहिली म्हणजे पानगळ.

हे उलटं वाटेल, पण झाडाच्या बाजूनं विचार करा. पाऊस ऑक्टोबरात संपला, पुढचा येणार जूनमध्ये. मधले सात-आठ महिने जमिनीतल्या ओलीवर काढायचे. पानांतून पाणी सतत उडून जातं, म्हणून झाड पानंच टाकून देतं. मग खोडात राहिलेलं आणि खोल मुळांनी ओढलेलं पाणी कळ्यांच्या कामी येतं. उघड्या फांदीवरचं फूल पाखरांना लांबून दिसतं, आणि पाऊस नसल्यानं त्यातला मधुरस धुऊन जात नाही. शिवाय फळ वेळेवर तयार होतं. पळसाची शेंग चपटी, कागदासारखी हलकी, आणि बी एकच, तेही टोकाशी. मे महिन्यात वारा सुटला की ती शेंग बी घेऊन उडते आणि पहिल्या पावसात रुजायला मोकळी होते. जूनचा हिशेब मांडूनच झाड फेब्रुवारीत फुलतं.

आमच्या टेकडीवर पळस मोजकेच. डोळे भरून पाहायचा तर विदर्भ-मराठवाड्याच्या वाटेवर, माळरानावर पाहावा. फुलण्याआधीची त्याची कळी मला फुलाइतकीच आवडते. काळपट तपकिरी मखमलीत गुंडाळलेली ती कळी जानेवारीअखेर फांदीवर दाटीनं दिसू लागते. मग एके दिवशी मखमल फाटते आणि पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी बाहेर येते. फुलाला वास नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक वासावर येणारं नाही, रंगावर येणारं आहे. साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारीसुद्धा, आणि भोरड्या.

भोरड्यांना पळसमैना असंही म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. या मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येतात आणि ज्वारीच्या रानात उतरल्या की शेतकरी गोफण हातात घेतो. ज्वारी निघाली की थवे पळस-सावरीवर येतात. एखादीकडे दुर्बिणीतून बघा, कपाळावर पिवळे परागकण माखलेले दिसतील. नकळत त्या झाडाचं काम करून जातात. मार्च-एप्रिलात त्या परतीला लागतात. जायच्या दिवसांत नरांचा गुलाबी रंग खुलतो, कारण वीण तिकडे व्हायची असते.

काटेसावर शहरातही भेटते. पाच मांसल लाल पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा भरगच्च झुबका. फूल इतकं जड की खाली पडताना धप्प असा आवाज येतो. सावरीखाली सकाळी जरा वेळ उभं राहावं. वर कोण कोण येतंय हे मान वर करून पाहण्यात अर्धा तास सहज जातो.

पण तुमच्या खिडकीतून ना पळस दिसतो ना सावर, हे मला माहीत आहे. मग जांभळा शिंजीर बघा. कुंडीतल्या जास्वंदीवरही येतो. पावसाळ्यानंतर त्याच्या नराचा झळाळता रंग उतरतो, तो मादीसारखा मळकट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. जानेवारीपासून त्या मळकट अंगावर जांभळे-निळे ठिपके उमटू लागतात. काही आठवडे तो अगदी ठिगळं लावल्यासारखा दिसतो. मग एके सकाळी उन्हात तो पुरता चमकतो, शेंड्यावर बसून किरकिऱ्या आवाजात गाऊ लागतो. माझ्या लेखी आमच्या सोसायटीत वसंत त्या दिवशी येतो.

आवाजांतही फरक पडतो. तांबट वर्षभर असतोच, पण फेब्रुवारीपासून त्याची टुकटुक दिवसभर थांबत नाही. शेवगा-पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगानं तो गोल भोक पाडत असेल, तर ती फांदी कृपया छाटू नका. कोकीळ मार्चच्या आसपास कंठ फोडतो. त्याचं कौतुक इतकं झालंय की मी त्यात भर घालत नाही. हिवाळ्यातही तो इथंच असतो, फक्त गप्प.

कोकणात याच दिवसांत सुरंगी फुलते आणि वेंगुर्ल्याकडे तिचे गजरे मिळतात. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहाखाली पहाटेच टोपल्या घेऊन माणसं जमतात. महाराष्ट्राचा वसंत एकच एक नाही, आणि एका तारखेचा तर नाहीच.

तारखेवरून सांगते. पंचांगाप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखाचा. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'ही चैत्रापासूनच सुरू होतं. माघ-फाल्गुनात इतकं काही फुलून जातं, ते मात्र शिशिराच्या खात्यावर. आणि पाडवा तरी एका जागी कुठं असतो? 2024 साली तो 9 एप्रिलला होता, 2025 ला 30 मार्चला, 2026 ला 19 मार्चला. अधिकमास येतो तेव्हा तो पुन्हा पुढं सरकतो. झाडांना अधिकमास ठाऊक नाही, ती दिवसाची लांबी, उष्मा आणि जमिनीतली ओल ओळखतात. त्यामुळे "यंदा पळस पाडव्याच्या कितीतरी आधी फुलला" या वाक्यातून काही कळत नाही. वहीत इंग्रजी तारीख लिहावी.

वहीचं तंत्र सोपं आहे. रोज जिथून जाता तिथलं एक झाड धरा आणि आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, त्याच्याकडे नीट बघा. जुनी पानं किती उरली, पालवी आली का, कळी आहे का, फूल उमललं का, फळ धरलं का. झाड मात्र बदलायचं नाही. एकाच रस्त्यावरचे दोन कडुनिंब पंधरा-पंधरा दिवस मागंपुढं मोहरतात, त्यामुळे यंदा हा आणि पुढल्या वर्षी तो पाहिला तर हाती काही लागत नाही. पहिलं फूल आणि भरात आलेलं झाड या दोन वेगळ्या नोंदी. 'सीझनवॉच' नावाचा देशभराचा उपक्रम 2010 पासून हेच करतो आहे. शाळांतली मुलं आणि हौशी माणसं आपल्या झाडाची नोंद तिथं पाठवतात. जपानात क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात, म्हणून तर 2021 चा 26 मार्चचा बहर बाराशे वर्षांत सर्वांत लवकरचा, असं छातीठोकपणे सांगता आलं. आपल्या पळसाबद्दल असं कोण सांगणार?

एक गोष्ट टेकडीवर मिळत नाही, त्यासाठी मी ताम्हिणी घाट गाठते. मार्चमध्ये तिथं कुसुंबाला पालवी फुटते, ती लालभडक. गाडीतून जाणारे "काय फुललंय!" म्हणतात, पण ती फुलं नसतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं. तोवर अँथोसायनिन हे लाल द्रव्य कडक उन्हाचा मारा अडवतं. पान निबर झालं की हिरवं होतं. हा रंग थोडेच दिवस टिकतो. जायचं असेल तर रविवार टाळा आणि पौडच्या पुढे निदान आठाच्या आत पोचा. नंतर गाड्यांची रांग लागते आणि ऊनही सपाट होतं, सगळे लाल एकसारखे दिसू लागतात.