लाइव्ह रॉकमधून आलेले पाहुणे

रात्री खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचे दिवे मालवून तासाभराने लाल टॉर्च घेऊन बसा. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंनी भरलेल्या समुद्री दगडाच्या, भोकातून एक गुलाबी-करडा किडा अर्धा बाहेर येतो, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर. वाळूवरचा खाण्याचा कण ओढतो आणि परत आत. हा ब्रिसल वर्म. दगडाबरोबर, कोरलबरोबर तो घरी येतो आणि नवखी मंडळी घाबरून दगडच उकळायला घेतात. कृपा करून असं करू नका! उपयोगी जिवाणू तर मरतातच, शिवाय दगडावर झोअँथिड (कोरलसारखे मऊ जीव) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिनसारखं जहाल विष घरभर पसरू शकतं.

बहुतेक ब्रिसल वर्म उरलंसुरलं खाऊन टाकी साफच ठेवतात. खरा त्रास त्यांच्यातल्या फायरवर्मचा. हर्मोडिस कॅरुनक्युलाटा ही जात जिवंत कोरल कुरतडते. ती दिसली तर लांब चिमट्याने उचलून काढा.

उघडा हात मात्र कुठल्याच वर्मला लावू नका. केस कातडीत रुतून तुटतात, आग आग होते. चिकटपट्टी लावून ओढली की बरेचसे निघतात.

वर्म अचानक वाढले, तर टाकीत खाणं जास्त पडतंय. आधी ते कमी करा.