सोल्डरविना खेळयंत्र

तळहातावर मावणारे, दोन बटणे आणि बोटभर रुंदीचा पडदा असलेले खेळयंत्र आठवी-नववीच्या मुलांना शाळेतच जोडता येईल का? येईल, आणि त्यासाठी सोल्डरिंग म्हणजे झाळकाम यावे लागत नाही. आमच्या मते शाळेत ते नसलेलेच बरे. भाजण्याची किंवा सोल्डरमधल्या शिशाची भीती हे एक कारण झाले. मोठे कारण असे की झाळलेला सांधा सहज सुटत नाही. संच एक आणि मुले साठ. पहिल्या गटाने सांधे झाळले की बाकीच्यांनी नुसते पाहायचे, आणि मग यंत्र कपाटात! शाळांना प्रयोगसाहित्य मिळावे म्हणून २०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅबची योजना आली. पण साहित्य येणे आणि ते प्रत्येक मुलाच्या हाती लागणे यांत अंतर असते. वलगावहून अमरावती जवळ असली तरी जळालेला एक भाग आणण्यात शिक्षकांची दुपार जातेच. म्हणून जे पुन्हापुन्हा सोडता व जोडता येईल तेच शाळेच्या कामाचे.

ही सोय ब्रेडबोर्डमुळे होते. एकेकाळी हौशी मंडळी पाव कापायच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून रेडिओ जोडत. नाव तिथून आले. आजच्या प्लॅस्टिकच्या ब्रेडबोर्डवर २.५४ मिलिमीटर अंतराने भोके असतात आणि पाच-पाच भोकांच्या ओळीखाली धातूची एक चिमटी असते. त्या पाच भोकांत खोचलेली प्रत्येक तार एकमेकींना जोडली जाते. मधल्या खाचेपलीकडची पाच भोके मात्र वेगळी.

चिमटी नेमके काय करते? धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते फक्त काही उंचवट्यांवर टेकतात, शिवाय त्यांवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तार आत घुसताना चिमटी हा थर खरवडते आणि नंतर दाबाने संपर्क टिकवते. सोल्डर हेच काम फटी भरून आणि हवा बाहेर ठेवून करते. म्हणून सोल्डरचा सांधा वर्षानुवर्षे टिकतो, चिमटीचा धक्क्याने सैल होतो.

साहित्य थोडेच लागते: आर्डुइनो नॅनो हा छोटा नियंत्रक, १२८ × ६४ ठिपक्यांचा ओलेड पडदा, दोन बटणे, ब्रेडबोर्ड आणि तीन पेन्सिल सेल. नॅनो आणि पडदा यांच्या पिना आधीच झाळलेल्या आहेत ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. नाहीतर सोल्डरिंग मागच्या दाराने आत येते. तारा एकपदरी हव्यात. जुन्या टेलिफोन केबलमधली अर्ध्या मिलिमीटरची तार उत्तम चालते.

पडद्याला चार तारा जातात: वीज, ग्राउंड, आणि माहितीसाठी नॅनोच्या ए-४ व ए-५ या पिना. बटणांचे एक टोक डी-२ आणि डी-३ ला, दुसरे ग्राउंडला. नियंत्रकाच्या आतला रोध प्रोग्रॅममधून चालू केला की न दाबलेले बटण १ दाखवते आणि दाबलेले ०. मुलांना हे उलटे वाटते. वाटू द्यावे, आणि विद्युतधारा कोणत्या वाटेने गेली ते फळ्यावर काढायला सांगावे. सेलची पेटी ५ व्होल्टच्या पिनेला व ग्राउंडला जोडावी. संगणकाची केबल लावलेली असताना सेल काढून ठेवावेत. चौकोनी ९ व्होल्टचा सेल या पिनेला कधीही लावू नये. मोबाइलची पॉवर बँक सोपी वाटते, पण यंत्र इतकी कमी वीज घेते की अनेक पॉवर बँका काही वेळाने आपोआप बंद होतात.

आता खेळ. पडद्याच्या तळाशी एक आडवी रेघ, ती खराटा; वरून पडणारे ठिपके म्हणजे कचरा. बटणांनी खराटा डावी-उजवीकडे सरकवून कचरा गोळा करायचा. वलगावच्या मुलांना खराटा कोणाचा हे सांगावे लागत नाही. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, पेढी नदीच्या पुलाजवळ देह ठेवला.

या खेळाला स्मृती किती लागते? खराट्याच्या जागेला १ बाइट, सहा ठिपक्यांच्या जागांना १२, गुणांना २: एकूण १५. चित्राला मात्र १२८ × ६४ म्हणजे ८१९२ ठिपके, आठ ठिपक्यांना एक बाइट धरून १०२४ बाइट. नॅनोची चालू स्मृती २०४८ बाइटांची, म्हणजे निम्मी नुसत्या चित्रात गेली! १९७९ मध्ये आलेल्या मायक्रोव्हिजन या हातात धरायच्या खेळयंत्राचा पडदा फक्त १६ × १६ ठिपक्यांचा होता, हे ऐकले की मुलांना आपला पडदा लहान वाटत नाही. वेगाचे गणितही करून घ्यावे. एका बाइटमागे तारेवरून ९ बिट जातात. सेकंदाला ४ लाख बिटांच्या वेगाने एक चित्र पोचायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. १ लाखाच्या वेगाने ९२, आणि मग ठिपके धक्के खात पडताना दिसतात.

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त शिकवतात ते बिघाड. बटणाच्या चार पायांपैकी दोन-दोन आतूनच जोडलेले असतात. बटण काटकोनात फिरवून बसवले की खराटा एका कडेला जाऊन चिकटतो. दुसरी गंमत मोजणीची. प्रत्येक दाबाला आकडा एकने वाढवणारा प्रोग्रॅम लिहून बटण दहा वेळा दाबावे. आकडा पुष्कळदा दहाच्या पुढे जातो, कारण आतली पत्री एकदाच टेकत नाही, फरशीवर पडलेल्या गोटीसारखी काही मिलिसेकंद उसळते. पहिल्या स्पर्शानंतर २० मिलिसेकंद थांबायला सांगितले की आकडा ताळ्यावर येतो.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या याच भरवशावर. शाळेत त्याची छोटी आवृत्ती अशी करता येते: ब्रेडबोर्ड पुठ्ठ्यावर सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधावा, म्हणजे खेळताना तारा निघत नाहीत. तास संपताना एका गटाने कोणतीही एक तार गुपचूप काढावी. दुसऱ्या गटाने पडदा आणि बटणे काय करतात एवढेच पाहून ती कोणती ते आधी कागदावर लिहावे, मगच बोर्डाला हात लावावा. शेवटी सगळे सोडून डब्यात ठेवावे. उद्याचा गट पहिल्या तारेपासून सुरुवात करील.