तीन टक्के म्हणजे किती?

१ जुलै २०२५ पासून महागाई भत्ता ५५ टक्क्यांवरून ५८ टक्के झाला. गणिताच्या तासाला एका कॅडेटने लगेच हिशेब मांडला : "सर, बाबांचा पगार तीन टक्क्यांनी वाढला!" हिशेब सरळ दिसतो, पण त्यात मेख आहे.

आधी टक्केवारी पाहू. हा भत्ता मूळ वेतन आणि लष्करी सेवा वेतन यांच्या बेरजेवर मोजतात. नव्या शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपये आणि सेवा वेतन ५,२०० रुपये, एकूण २६,९००. त्याचे तीन टक्के ८०७ रुपये होतात. पण जुन्या भत्त्यासह त्याला आधीच ४१,६९५ रुपये मिळत होते. (घरभाडे वगैरे मी इथे बाजूला ठेवले आहे.) त्या रकमेवर ८०७ ही वाढ दोन टक्क्यांहूनही कमी भरते.

आणि ती वाढ तरी म्हणावी का? श्रम ब्यूरो देशातील ८८ केंद्रांवरून दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. तांदूळ, तेल, घरभाडे, औषधे, शाळेची फी असे सगळे त्यात असते. मागील बारा महिन्यांची सरासरी सातव्या वेतन आयोगाच्या वेळच्या पातळीपेक्षा किती टक्के वर गेली, तेवढा भत्ता. ५८ टक्के याचा अर्थ, तेव्हा शंभर रुपयांत येणाऱ्या सामानाला आता साधारण १५८ रुपये लागतात. म्हणजे ते ८०७ रुपये घरातून आधीच गेलेल्या पैशांची भरपाई आहेत.

भरपाईसुद्धा उशिरा येते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कितीतरी शहरांत शंभरच्या, काही ठिकाणी दोनशेच्याही वर गेला. त्या जुलैपासूनचा ४६ टक्के भत्ता मात्र जूनपर्यंतच्या सरासरीवर ठरला होता आणि जाहीर झाला ऑक्टोबरात. जुलैचा महागडा टोमॅटो हिशेबात आला तो जानेवारी २०२४ च्या भत्त्यात, तोही बारा महिन्यांतला एक महिना म्हणून. शिवाय या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ३९ टक्के धरला आहे. ज्या घरात निम्मा पगार किराणा-भाजीत जातो, त्या घराची महागाई सरकारी आकड्यापेक्षा वेगळीच असते. गृहिणींना हे कुणी शिकवावे लागत नाही.

करोनाच्या काळात तर जानेवारी २०२० ते जून २०२१ असे दीड वर्ष भत्ता १७ टक्क्यांवरच गोठला होता. भाव मात्र थांबले नव्हते. पुढे तो २८ टक्के झाला, पण त्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही.

अग्निवीर होऊ पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्यांना महागाई भत्ताच नाही. २०२२ च्या योजनेत पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि ४०,००० असे ठरीव वेतन आहे. दुसऱ्या वर्षीची वाढ १० टक्के. पण वर्षात भाव ६ टक्के चढले, तर ते ३३,००० रुपये बाजारात आदल्या वर्षीच्या सुमारे ३१,१३२ रुपयांइतकेच काम करतील. कागदावर तीन हजार, पिशवीत अकराशे.

दरवर्षी ६ टक्के महागाई धरून चौथ्या वर्षाच्या ४०,००० रुपयांची पहिल्या वर्षाच्या भावाने किंमत किती, हे वहीत काढून पाहा. माझे उत्तर ३३,५८५ आले.