कळांची वाट पाहावी की कळा आणाव्यात?

दिवस भरले, तारीख उलटली, तरी कळांचा पत्ता नाही. आणि तपासणीनंतर डॉक्टर म्हणतात, 'उद्या ॲडमिट व्हा, कळा सुरू करू.' हे ऐकताच पहिलटकरणीच्या घरात दोन तट पडतात. 'निसर्गाच्या कामात हात घातला की सिझेरियनच होते,' असे एकाचे म्हणणे; 'डॉक्टरांनी सांगितले ना, मग विचार कसला?' असे दुसऱ्याचे. निर्णय मात्र त्या स्त्रीला घ्यायचा असतो आणि तोही बहुधा एका रात्रीत. म्हणूनच या सल्ल्यामागील शास्त्र आधीच समजून घेतलेले बरे.

पहिला प्रश्न तारखेचा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून ही तारीख काढतात. तो केवळ अंदाज होय. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. पाळी अनियमित असल्यास हिशेब आणखी चुकतो. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक विश्वासार्ह मानतात.

दुसरा प्रश्न कारणाचा. गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जात असतील, तर ३७ आठवड्यांनंतर थांबण्यात आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. पाणमोट फुटूनही कळा नसणे, बाळाची वाढ खुंटणे, आटोक्यात नसलेला मधुमेह ही कारणेही अशीच सबळ आहेत. परंतु सारे काही ठीक असून केवळ तारीख उलटली असेल, तर घाई नसते. जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांसाठी ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते.

ही मर्यादा का? दिवस लांबत जातात तशी बाळ पोटातच दगावण्याची शक्यता हळूहळू वाढते. कॉक्रेनने २०२० मध्ये ३४ अभ्यासांतील २१ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली. ५४४ स्त्रियांना कळा आणल्यास एक बालमृत्यू टळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. स्वीडनमध्ये ४१ आणि ४२ आठवड्यांची तुलना करणारा अभ्यास तर मध्येच थांबवावा लागला. कारण थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली आणि कळा आणलेल्या गटात एकही नाही. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे धोका लहान आहे, पण काल्पनिक नाही.

तिसरा प्रश्न सिझेरियनच्या भीतीचा. ही भीती निराधार म्हणता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. मात्र त्याचा दोष कळा आणण्याला देणे योग्य नव्हे. जुन्या अभ्यासांत कळा आणलेल्या स्त्रियांची तुलना आपोआप कळा आलेल्यांशी केली जाई. प्रत्यक्षात आपोआप कळा येणे हा पर्याय आपल्या हाती नसतो. असतो तो थांबण्याचा. तशी तुलना करणारा अमेरिकेतील मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पहिलटकरणींत ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात १८.६ टक्के, तर थांबलेल्या गटात २२.२ टक्के सिझेरियन झाली.

यश अवलंबून असते ते गर्भाशयाच्या मुखाची तयारी आणि डॉक्टरांचा संयम यांवर. मुख किती मऊ झाले, किती उघडले, हे 'बिशप स्कोअर' या गुणांकनाने ठरवतात. गुण कमी असल्यास आधी जेल, गोळ्या किंवा फुगा असलेली रबरी नळी वापरून मुख तयार करतात आणि मग ऑक्सिटोसिनचे सलाइन लावतात. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात तोंडाने घ्यायच्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांनी २४ तासांत ५७ टक्के स्त्रियांची, तर नळीने ४७ टक्के स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती झाली. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पूर्ण दिवस उलटूनही बाळंतपण न होणे, यात वावगे काही नाही. आई आणि बाळ सुस्थितीत असतील, तर पाणमोट फोडून सलाइन सुरू केल्यावरही किमान १२ ते १८ तास वाट पाहावी, असे तज्ज्ञ सांगतात.

तोटेही आहेत. या कळा अधिक तीव्र वाटतात, हालचालीवर बंधने येतात आणि कळा अतिरेकी झाल्यास बाळाचे ठोके मंदावू शकतात. त्यामुळे ठोक्यांवर सतत लक्ष हवे. पूर्वी सिझेरियन झाले असल्यास मिसोप्रोस्टॉल वापरत नाहीत, कारण जुना टाका उसवण्याचा धोका असतो.

थांबायचे ठरवले, तर नुसते घरी बसणे पुरेसे नाही. बाळाचे ठोके आणि गर्भजल यांची डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करावी. बाळाची हालचाल मंदावली, रक्त गेले किंवा हिरवट पाणी गेले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. घरच्या घरी एरंडेल घेऊ नये आणि मुहूर्त साधण्यासाठी कळा आणण्याचा आग्रहही धरू नये.

हे प्रश्न विचारण्याची योग्य वेळ म्हणजे ३६-३७ व्या आठवड्यातील तपासणी. माझे आठवडे नक्की किती, कळा आणण्याचे कारण काय, मुखाची तयारी कितपत आहे, कोणती पद्धत वापराल आणि किती वेळ वाट पाहाल, या पाच प्रश्नांची उत्तरे तेव्हाच मिळाली, तर ऐनवेळी होकार असो वा नकार, तो विचारपूर्वक देता येईल.