पाडव्याहून मोठी नवमी

मागच्या लेखांकात चिनी पंचांगाची बांधणी पाहिली. महिने चंद्राचे, ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मधूनमधून अधिक महिना, आणि अमावास्येचा क्षण ज्या दिवसात पडतो तोच महिन्याचा पहिला दिवस. म्हणून त्यांचं नवं वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान उगवतं. आपल्याकडे तेव्हा बहुधा माघ तोंडावर आलेला असतो. पहिल्या दिवशी सुरू झालेला सण पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, कंदिलांनी संपतो. इथवर सगळीकडे सारखंच. पण या पंधरा दिवसांत खरा मोठा दिवस कोणता, असं विचारलं की उत्तरं वेगवेगळी येतात. एखाद्या चिनी घराचं मूळ गाव ओळखायला याहून चांगला प्रश्न मला तरी ठाऊक नाही.

उत्तरेत सगळा भर आदल्या रात्रीवर. हा गव्हाचा मुलूख. घरातली लहानथोर माणसं एकत्र बसून ज्याओझ करतात: पातळ पारी, आत खिमा आणि कोबी, कडेला करंजीसारखी मुरड. एखाद्यात नाणं दडवलेलं असतं. ते ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जाणार. यांगत्झी ओलांडून भाताच्या प्रदेशात आलं की ज्याओझ मागे पडतात आणि चिकट तांदळाची न्येनगाव पानात येते. आणखी दक्षिणेला क्वांगचौ आणि हाँगकाँगमध्ये सण फुलांच्या बाजारापासून सुरू होतो. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात आदल्या दिवसांत पीचच्या फुललेल्या फांद्या आणि पिवळ्याधमक छोट्या संत्र्यांची झाडं विकायला येतात. लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना लाल पाकिटातून पैसे द्यायचे, हा रिवाज तिथे इतका पक्का आहे की चाळिशीतला अविवाहित मुलगासुद्धा हक्काने पाकीट घेतो.

फूच्येन प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरचे होक्क्येन लोक मात्र नवमीची वाट पाहतात. तो स्वर्गाच्या सम्राटाचा वाढदिवस. कथा अशी सांगतात की, शत्रूचं सैन्य पाठीवर आलं तेव्हा गावकरी उसाच्या फडात लपले. आत दडून बसलेली माणसं आकाशातल्या देवाचा धावा करत राहिली. सैन्य निघून गेलं आणि माणसं फडाबाहेर आली तो दिवस नवमीचा. सैन्य कोणाचं आणि काळ कुठला, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. ऊस बदलत नाही.

ही पूजा पाहायची तर मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्ज टाउनच्या च्यू जेटीवर. समुद्रात रोवलेल्या खांबांवरची ही लाकडी वस्ती. च्यू आडनावाच्या, फूच्येनहून आलेल्या कुटुंबांची. अष्टमीच्या रात्री जेटीच्या तोंडाशी टेबलांची लांबच लांब रांग लागते. टेबलांना भरतकाम केलेले लाल पडदे. वर भाजलेलं अख्खं डुक्कर, अननस, कासवाच्या आकाराचे गुलाबी पाव, लाल तांदळाच्या वड्या, सोनेरी कागदाच्या घड्यांचे ढीग. आणि दोन्ही बाजूंना पाल्यासकट उभे बांधलेले पुरुष-दोन पुरुष उंचीचे ऊस. जुन्या चिनी कालगणनेत दिवस रात्री अकराला बदलतो, त्यामुळे पूजेची घाई तेव्हापासूनच. देव आकाशातला, म्हणून घरोघरीही टेबल आत नसतं. उंबऱ्याबाहेर, उघड्या आभाळाकडे तोंड करून मांडतात. शेवटी सोनेरी कागदांचा ढीग पेटवतात आणि ज्या उसाने पूर्वजांना आसरा दिला तोही त्या जाळात टाकतात. इथल्या होक्क्येन घरांत या रात्रीचा थाट पहिल्या दिवसाहून मोठा असतो.

पेनांगचं उदाहरण लांबवण्यामागे कारण आहे. खुद्द चीनमध्ये १९६७ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात, नववर्षाची सुटीच रद्द झाली. देवघरं फोडली गेली, पूजा चोरून करावी लागली. सुटी परत मिळाली ती १९८० मध्ये. मग १९८३ पासून सरकारी दूरचित्रवाणीचा आदल्या रात्रीचा भव्य कार्यक्रम घराघरात पोहोचला आणि सगळ्या देशाची रात्र एकसारखी होऊ लागली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने हा सण मानवी वारशाच्या यादीत घेतला, याचा मला आनंदच आहे. पण यादीत नाव एकच लागतं. गावोगावचे वेगळेपण जपले ते मुख्यतः गावकऱ्यांनी, आणि घर सोडून परक्या बंदरांत गेलेल्यांनी.

पौर्णिमेचे दोन प्रकार थोडक्यात. हपै प्रांतातल्या न्वानच्वान गावचे लोहार भंगार लोखंड वितळवतात आणि भिजवलेल्या लाकडी पळ्यांनी तो लाल रस तटाच्या भिंतीवर भिरकावतात. ठिणग्यांचं झाड उभं राहतं. फटाके घेणं श्रीमंतांना परवडे, लोहारांकडे लोखंड होतं, अशी त्याची जन्मकथा. अंगावर उलटी घातलेली मेंढीच्या कातड्याची बंडी आणि डोक्यावर टोपी, एवढंच संरक्षण. तैवानच्या दक्षिणेला यान्श्वे गावात लोक हेल्मेट घालून अग्निबाणांच्या माऱ्यात उभे राहतात. १८८५ च्या सुमारास पटकीच्या साथीला कंटाळून गावाने क्वान कुंग या देवाची पालखी फटाक्यांच्या आवाजात फिरवली, तेव्हापासूनची ही चाल.

हाच क्वान कुंग मुंबईतही आहे. तिसऱ्या शतकात मारला गेलेला सेनापती, पुढे देव झालेला. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ १९१९ साली उभारलेलं त्याचं लाल मंदिर ‘सी यूप’ या नावाने ओळखलं जातं. क्वांगतुंग प्रांतातल्या चार तालुक्यांचं ते एकत्रित नाव. गोदीत उतरलेले खलाशी तिथले. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतली बरीच चिनी कुटुंबं देश सोडून गेली. उरलेली नववर्षाच्या आदल्या रात्री या मंदिरात जमतात, उदबत्त्या लावतात आणि वर्षाचं भविष्य काढतात. त्यांचा मोठा दिवस नवमी नव्हे. ती होक्क्येन नाहीत, कँटनकडची आहेत.

पुढच्या लेखांकात कोलकात्याजवळचं अच्छीपूर: अठराव्या शतकात साखर कारखाना काढणाऱ्या तोंग अच्यूची समाधी आणि नववर्षात तिथे जाणारी चिनी कुटुंबं.