रेडिओच्या पोटातली काच

लेकरांनो, ती गिटार जरा बाजूला ठेवा आणि इकडे या. माळ्यावरच्या रेडिओचा मागचा पुठ्ठा काढलाय. प्लग काढला असला तरी आत बोट घालायचं नाही. कंडेन्सरमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. आपलं आकाशवाणी परभणी, १३०५ किलोहर्ट्झ, अशाच रेडिओवर ऐकायचो आम्ही. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही, थोडं थांबायचं. आतली तार तापली की तिच्याभोवतीच्या बारीक नळीवरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पोकळीतून समोरच्या पत्र्याकडे धावतात. उलटे मात्र येत नाहीत. ही एकेरी वाट इंग्रज शास्त्रज्ञ फ्लेमिंगने १९०४ साली कामाला लावली. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने वाटेत तारेची जाळी बसवली. जायकवाडीच्या कालव्याचं दार एकटा माणूस चाक फिरवून वरखाली करतो आणि केवढं पाणी त्याचं ऐकतं! जाळीही तसंच करते. गिटारच्या तारेची इवलीशी थरथर तिच्यावर आली की पत्र्याकडचा मोठा प्रवाह तिच्याच तालावर कमीजास्त होतो.

आता दादा, तू मागवलेला व्हॉल्व्ह दे. ईसीसी८३. ‘ई’ म्हणजे तार ६.३ व्होल्टवर तापते. ‘सी’ म्हणजे ट्रायोड: लेप, जाळी आणि पत्रा असे तीन भाग. दोन ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. ‘८’ म्हणजे खाली नऊ पिना. मोज बरं! अमेरिकेत यालाच १२एएक्स७ म्हणतात. रेडिओतला हा ईएल८४ बघ: ‘एल’ म्हणजे स्पीकर हलवणारा ताकदीचा पेंटोड, पाच भागांचा. व्हॉक्स एसी३० या नावाजलेल्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये असे चार असतात. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बेलने, फिलिप्सच्या सहकार्याने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले.

पण काचेवरच्या कंपनीच्या नावावर लगेच भाळू नकोस. ते रंगाने छापलेलं असतं, ओल्या फडक्याने निघून जातं. शिवाय कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावाने विकत. फिलिप्स आणि तिची इंग्लंडमधली कंपनी मुलार्ड यांच्या व्हॉल्व्हवर काचेच्या तळाशी फिकट करड्या अक्षरांच्या दोन ओळी शोध. खालची ओळ ‘बी’ने सुरू झाली तर कारखाना इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा, त्रिकोण असेल तर हॉलंडमधल्या हेर्लेनचा. पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचं अक्षर, मग आठवडा. ‘बी४सी२’ म्हणजे चारने संपणाऱ्या वर्षातल्या मार्चचा दुसरा आठवडा. दशक मात्र पत्र्यांच्या घडणीवरून ताडायचं.

आणि सगळ्यात आधी काचेच्या आतला तो चंदेरी डाग बघायचा. तो बेरियमचा, आत उरलेली हवा शोषून पोकळी राखतो. चकाकतोय ना? मग पुढची तपासणी करू. तो पांढराफटक पडला असता, तर काचेत हवा शिरली असं समज. मग वर नाव मुलार्डचं असो की बेलचं, एक रुपयाही द्यायचा नाही.