छातीतला पहारेकरी

पहाटे चारच्या सुमाराला छाती आवळून येते, दरदरून घाम फुटतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं निवळतं. सकाळी माणूस ठणठणीत. जिने चढतो, बसमागे धावतो, काही होत नाही. घरात निदान ठरलेलं: पित्त. दुपारी काढलेला ईसीजी चांगला येतो, अँजिओग्राफीतही मोठा अडथळा दिसत नाही.

१९५९ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. मायरन प्रिंझमेटल यांनी हे दुखणं वेगळं ओळखलं. नेहमीचा अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, श्रमाने उठतो; हा विश्रांतीत. पोटरीत गोळा यावा तशी हृदयाची रक्तवाहिनी अचानक आखडते. बहुतेकांना कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर आणि नायट्रेटच्या गोळ्यांनी आराम पडतो. पण काहींच्या बाबतीत त्या आखडण्यातच हृदयाची लय बिघडते, खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही आणि माणूस कोसळतो. तिथून वाचलेल्यासाठी आयसीडीचा, म्हणजे लय बिघडताच आतूनच शॉक देणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्राचा विचार होतो.

या यंत्रामागे एक मृत्यू आहे. १९६६ साली हृदयतज्ज्ञ मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू हॅरी हेलर हृदयाची लय बिघडून गेले. अशा रुग्णाला जन्मभर रुग्णालयात ठेवता येत नाही, तर शॉक देणारं यंत्रच त्याच्या शरीरात का ठेवू नये, हा ध्यास मिरोव्स्कींनी घेतला. नामांकित हृदयतज्ज्ञांनी कल्पना मोडीत काढली. तरी सहकारी मॉर्टन मॉवर यांना सोबत घेऊन ते बाल्टिमोरमध्ये झटत राहिले आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिलं यंत्र माणसाच्या शरीरात बसलं. तेव्हा त्यासाठी छाती उघडावी लागे.

आज बंगळुरूत बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या जयदेव हृद्रोग संस्थेसारख्या ठिकाणी हे काम छाती न उघडता कॅथलॅबमध्ये होतं. १९७२ पासूनची ही सरकारी संस्था. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार अवघ्या ४६व्या वर्षी अचानक गेले, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी तपासणीसाठी इथेच गर्दी केली होती.

यंत्र तळहातावर मावतं. टायटॅनियमची गुळगुळीत डबी, आत बॅटरी आणि कपॅसिटर. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीआड ती ठेवतात आणि शिरेतून एक तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सोडतात. यंत्र प्रत्येक ठोका मोजतं. लय बिघडली की साधारण दहा सेकंदांत भारित होऊन ३५-४० ज्यूलपर्यंतचा झटका देतं. छातीवर घोड्याने लाथ मारावी तसं वाटतं, असं रुग्ण सांगतात.

त्या झटक्याची नोंद यंत्रातच राहते. तपासणीच्या वेळी ती पडद्यावर उमटते: आधी एकसारखे ठोके, मग वेडीवाकडी गिचमीड, मग शॉकची उभी खूण आणि पुढे पुन्हा संथ, शिस्तीतले ठोके. त्या चार बोटं नोंदीत एक माणूस जाऊन परत आलेला असतो.

पण आयसीडी रक्तवाहिनी सैल करत नाही. वाहिनी आखडलेलीच राहिली तर लय पुन्हा बिघडू शकते. म्हणूनच दुखणं गोळ्यांनी आटोक्यात येत असेल तर लाखोंचं यंत्र बसवायचं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. हृदय बंद पडून वाचलेल्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या किंवा ती न सोसणाऱ्या रुग्णासाठी मात्र अमेरिकी आणि युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं आज आयसीडीच्या बाजूने आहेत. मला हाच न्याय योग्य वाटतो: मरणाच्या दारातून परतलेल्याला केवळ गोळ्यांच्या भरवशावर घरी धाडू नये. आणि यंत्र बसलं म्हणून गोळी चुकवू नये, सिगारेट तर कायमची सोडावी.

पहाटे छाती पुन्हा पुन्हा आवळत असेल तर पित्त म्हणून अंगावर काढू नका. दुखत असतानाच रुग्णालय गाठा आणि तिथेच ईसीजी काढायला सांगा. दुखणं ओसरल्यावर तो कागद बहुधा निर्दोषच निघतो.